पोर्ट, डावा, लाल : गेटवेसमोरच्या सेलिंग कोर्सबद्दल

मुंबई बंदरात शिडाची बोट चालवायला शिकवणाऱ्या काही संस्था आहेत. त्यातल्या एकीची नवशिक्यांची शनिवार-रविवारची बॅच यंदाच्या थंडीत मी आणि माझ्या कॉलेजातल्या लेकीने मिळून केली. संस्थेचं नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि मला संस्थेपेक्षा शिकवण्याच्या पद्धतीबद्दल जास्त सांगायचंय. तुम्ही दुसरीकडे कुठे नाव घालणार असलात तरी यातलं बरंच कामाला येईल.

आधी निकाल सांगते : जरूर करा. बोटीवरच्या दिशा इथे ज्या पद्धतीने अंगात मुरवतात, त्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल आहेत. पोर्ट, स्टारबोर्ड, बो (पुढचं टोक), स्टर्न (मागचं टोक) हे शब्द अनेकांनी ऐकलेले असतात. प्रश्न असतो तो ऐन वेळी आठवण्याचा. शिडं फडफडतायत, दोर हातातून सुटतोय, समोरून मासेमारीची बोट येतेय आणि कुणीतरी ओरडतंय, "पोर्ट!" अशा वेळी मनातल्या मनात 'डावं म्हणजे कुठलं बरं' असा हिशेब करत बसायला वेळ नसतो.

मी दातांची डॉक्टर आहे, मुलुंडला दवाखाना आहे. आमच्याकडे डावं-उजवं कायम पेशंटचं धरतात. पेशंट समोर आ करून बसला की त्याची उजवी बाजू माझ्या डाव्या हाताला येते. छत्तीस नंबरचा दात म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ. डॉक्टर खुर्चीच्या पुढे असो, मागे असो, छत्तीस जागचा हलत नाही. बोटीचं नेमकं तसंच आहे. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केल्यावर जी डावी बाजू ती पोर्ट आणि उजवी ती स्टारबोर्ड. मग तुम्ही पुढे बघा, मागे बघा नाहीतर डेकवर उताणे पडा, पोर्ट जागच्या जागीच राहतं. बोटीवर 'डावीकडे' असं म्हणत नाहीत ते याचसाठी. चार माणसं चार दिशांना तोंडं करून बसलेली असतात आणि प्रत्येकाचं डावं वेगळं असतं.

सुरुवात मात्र बेताची झाली. पहिल्या सकाळी एका खोलीत बसवून झेरॉक्सचे कागद वाटले. त्यावर सगळे शब्द इंग्रजी वर्णानुक्रमाने, म्हणजे 'अबीम'शेजारी 'अफ्ट' आणि 'लीवर्ड'शेजारी 'लफ'. कशाचा कशाशी संबंध लागत नव्हता. बॅचमध्ये नाशिकहून आलेले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी तिथल्या तिथे कागद उलटा केला, मागे बोटीचं चित्र काढलं आणि शब्द आपापल्या जागी लिहून काढले. आम्ही सगळ्यांनी त्यांचीच नक्कल केली. संस्थेने हे चित्र स्वतःच छापायला हवं.

त्याच कागदावर 'पॉश' या शब्दाची गोष्ट छापली होती. विलायतेहून मुंबईला येताना सावलीची पोर्ट बाजू आणि परतताना स्टारबोर्ड बाजू, त्या केबिनच्या श्रीमंती तिकिटांवर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'च्या चार इंग्रजी आद्याक्षरांचा शिक्का मारत आणि त्यावरून तो शब्द आला, अशी ती कथा. ऐकायला झकास, पण तसा शिक्का असलेलं तिकीट कुणाला सापडलेलं नाही. पुरावा नसलेली गोष्ट शिकवण्याच्या कागदावर खरी म्हणून छापू नये. सूर्याचा भाग तेवढा खरा आहे. पूर्वेला निघालेल्या जहाजाची पोर्ट बाजू उत्तरेला येते आणि तिथे ऊन कमी लागतं. बाजू ध्यानात ठेवायला तेवढं पुरे.

खरा कोर्स पाण्यावर सुरू होतो. बोट होती जे-२४. साधारण ७.३ मीटर लांब, पुढे जिब आणि मागे मेन अशी दोन शिडं, आणि पोटाखाली कील, म्हणजे पाण्यात उभी राहणारी जड पट्टी. तिच्यातलं वजन सुमारे ४३० किलो असतं, त्यामुळे बोट कलली तरी पुन्हा सरळ होते. नवशिक्यांना घाबरण्यासारखं फार काही नाही. रॉड जॉनस्टन यांनी १९७०च्या दशकात आखलेली ही बोट जगभर शर्यतींसाठी आणि शिकवण्यासाठी वापरतात. चक्राऐवजी हिला टिलर आहे, म्हणजे सुकाणूला जोडलेला लाकडी दांडा. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

आमचे सर तिशीतले, घर मूळचं मासेमारीतलं. वडील अजूनही तांडेल म्हणून बोट घेऊन जातात. पहिल्या दिवशी सरांनी डाव्या विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळून ओढायच्या चाकाच्या, बुडाला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली होती आणि उजव्याच्या बुडाला हिरवी. मग म्हणाले, "इंग्रजी स्पेलिंगं मोजत बसू नका. मराठीत बघा. पोर्ट, डावा, लाल. तिन्ही दोन-दोन अक्षरांचे. उजवा आणि हिरवा तीन-तीन अक्षरी, आणि स्टारबोर्ड त्याहून लांब. आखूड सगळं एकीकडे, लांब सगळं दुसरीकडे."

माझ्या मते या कोर्समधली सगळ्यात मोलाची ओळ ही. इंग्रजी पुस्तकांत 'पोर्ट आणि लेफ्ट दोन्ही चार अक्षरी' अशी खूण देतात, पोर्ट नावाच्या लाल दारूचीही देतात. ज्यांचं डोकं इंग्रजीत चालतं त्यांना ती चालेल. मला आधी मनातल्या डाव्याचं लेफ्ट करायचं, मग अक्षरं मोजायची, असा वळसा पडला असता. 'पोर्ट, डावा, लाल' एका दमात म्हणता येतं, आणि त्यात दिव्याचा रंगही येतो. हा रंग नंतर जिवाशी गाठ ठरतो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर दोन्ही टेपा काढून टाकलेल्या. "आता डोळ्याने नाही, बुडाने ओळखायचं," सर म्हणाले आणि आम्हाला स्टर्नकडे तोंड करून बसवलं. मग एकेकाला, "पोर्ट विंचवर हात ठेवा. स्टारबोर्ड शीट दाखवा. पोर्ट क्वार्टरला काय दिसतंय?" (शीट म्हणजे शिडाचा दोर, क्वार्टर म्हणजे त्या बाजूचा मागचा कोपरा.) माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, तुमचा डावा हात विसरा. बोटीचा डावा कुठला?" मी पेशंट डोळ्यांसमोर आणला आणि माझ्या उजव्या हाताकडच्या विंचवर हात ठेवला. लेकीला वेगळीच युक्ती सापडली. ती म्हणाली, "आई, मी फक्त नाळ कुठे आहे तेवढं बघते, बाकीचं आपोआप येतं." तिचं जास्त बरोबर आहे असं आता मला वाटतं.

हा व्यायाम उगाच नाही. टॅक करताना काय होतं बघा. बोटीचं नाक वाऱ्याच्या आरपार फिरवायचं असतं. सुकाणूवरचा माणूस "रेडी टू टॅक?" विचारतो, सगळे "रेडी" म्हणतात. टिलर ढकलला जातो, नाक फिरतं, जिब फडफडायला लागतं. एकाने जुन्या बाजूची शीट विंचवरून झटक्यात सोडायची. दुसऱ्याने नव्या बाजूच्या विंचवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेढे टाकून दोर खेचायचा. वारा भरायच्या आत जेवढा हाताने येईल तेवढा ओढायचा, उरलेल्यासाठी हँडल. या गडबडीत मेन शिडाचा आडवा दांडा, बूम, डोक्यावरून सपकन पलीकडे जातो, म्हणून वाकून बाजू बदलायची. दोर ओढणारा या वेळी बहुधा मागे नाहीतर आडवं तोंड करून असतो. तेव्हा 'डावीकडची सोड' म्हटलं तर कुठली सुटेल याचा नेम नाही. 'पोर्ट शीट सोड' म्हटलं की एकच सुटते.

आणखी एक गोष्ट सरांनी फार चांगली उलगडली, आणि कुठल्याही कोर्समध्ये ती विचारून घ्या. बोटीवर दिशांची तीन कुटुंबं एकत्र नांदतात. पहिलं बोटीला चिकटलेलं : पोर्ट, स्टारबोर्ड, बो, स्टर्न. दुसरं वाऱ्याला बांधलेलं : वारा येतो ती विंडवर्ड बाजू, वारा जातो ती लीवर्ड. तिसरं पृथ्वीचं, उत्तर-दक्षिण. टॅक केलं की दुसरं कुटुंब क्षणात उलटतं. मघाशी पोर्ट बाजू विंडवर्ड होती, आता स्टारबोर्ड झाली. पहिलं हलत नाही. नवशिक्यांचा गोंधळ शब्द विसरल्याने फारसा होत नाही, दोन कुटुंबांची सरमिसळ झाल्याने होतो. सकाळी जमिनीवरून येणारा वारा दुपारनंतर फिरून समुद्रावरून यायला लागला, तेव्हा त्याच ठिकाणाहून त्याच दिशेने जाताना आमची विंडवर्ड बाजू बदलली होती. हे कागदावर दहा वेळा वाचून कळलं नसतं.

टिलरचं म्हणत होते. टिलर डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे वळतं. सुरुवातीला हात ऐकत नाही, पण एकदा अंगवळणी पडलं की जुन्या जहाजांवरच्या हुकमांचं कोडं सुटतं. पूर्वी ब्रिटिश जहाजांवर 'स्टारबोर्ड' असा हुकूम म्हणजे टिलर स्टारबोर्डला न्या, म्हणजेच जहाज पोर्टला वळवा. चक्र आलं तरी हुकूम जुन्या टिलरचेच राहिले. १९१२ साली हिमनग दिसल्यावर टायटॅनिकवर हुकूम सुटला तो 'हार्ड अ स्टारबोर्ड' आणि जहाज वळलं डावीकडे. त्यात कुणाची गफलत नव्हती, तो त्या काळचा रिवाज होता. ब्रिटिश जहाजांवर १९३३पासून हुकूम आणि वळण एका बाजूला आलं. 'लार्बोर्ड' हा डाव्या बाजूचा जुना शब्दही असाच गेला. वाऱ्यात ओरडून सांगताना स्टारबोर्ड आणि लार्बोर्ड सारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली त्याच्या जागी पोर्ट पक्का केला. फार जुन्या जहाजांचं सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असे. ते धक्क्यावर घासू नये म्हणून डावी बाजू धक्क्याला लावत, आणि बंदराकडची ती पोर्ट. विमानात आपण आजही डाव्या दारातून चढतो आणि पंखाच्या टोकाचा डावा दिवा लालच असतो. रात्रीच्या विमानात खिडकी मिळाली तर बघा.

आता या सगळ्याचा उपयोग कशाला, तर वाट कुणी द्यायची ते ठरवायला. शिडाच्या दोन बोटी समोरासमोर आल्या आणि वारा दोघींना वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल, तर जिला पोर्टकडून वारा लागतोय तिने वाट द्यायची. दोघींना एकाच बाजूने लागत असेल, तर विंडवर्डवालीने द्यायची. इंजिनाच्या दोन बोटी अगदी समोरासमोर आल्या तर दोघींनी स्टारबोर्डला वळायचं आणि पोर्टला पोर्ट देत निघून जायचं. आडव्या आल्या तर जिला दुसरी आपल्या स्टारबोर्डला दिसते तिने वाट द्यायची. भोंगासुद्धा यावरच चालतो. एक छोटा म्हणजे मी स्टारबोर्डला वळतेय, दोन म्हणजे पोर्टला, तीन म्हणजे इंजिन उलटं फिरवलंय. १९७२चे हे आंतरराष्ट्रीय नियम गेटवेसमोरही लागू आहेत आणि रॉटरडॅमलाही.

कोर्समधला सगळ्यात सुंदर भाग शेवटच्या संध्याकाळचा. त्या दिवशी शिडाची बोट नाही, लाँच. सूर्य मावळला की आम्हाला मिडल ग्राउंड या बंदरातल्या छोट्या बेटाच्या बाजूला नेऊन इंजिन मंद केलं आणि सर म्हणाले, "आता फक्त दिवे बघा आणि जहाज कुठे चाललंय ते सांगा."

प्रत्येक जहाजाच्या पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा, मागे पांढरा. बाजूचे दिवे थेट पुढून सुरू होऊन काटकोनाच्याही थोडे मागेपर्यंत दिसतात, प्रत्येकी ११२.५ अंश. मागचा उरलेले १३५ अंश भरून काढतो. म्हणजे कुठूनही बघा, काही ना काही दिसतंच, आणि जे दिसतं त्यावरून समोरच्याची बाजू कळते. पन्नास मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला शिवाय दोन उंच पांढरे दिवे, पुढचा खाली आणि मागचा वर.

पूर्वेकडे अंधारात आधी दोन पांढरे ठिपके दिसले, उजवीकडचा खाली, डावीकडचा वर. मग त्यांच्या खाली हिरवा. लेक पुटपुटली, "हिरवा म्हणजे त्याची स्टारबोर्ड बाजू आपल्याकडे... म्हणजे उजवीकडे चाललंय... म्हणजे बाहेर." जेएनपीएहून, म्हणजे न्हावा शेवा बंदरातून, निघालेलं कंटेनर जहाज होतं. हळूहळू त्याचं काळं धूड दक्षिणेला सरकलं आणि हिरवा जाऊन नुसता पांढरा राहिला. थोड्या वेळाने दुसरं, या वेळी लाल दिवा घेऊन, आत येणारं. त्याची पोर्ट बाजू आमच्याकडे, म्हणून ते डावीकडे जाणार. आणि एका क्षणी एका लहान बोटीचे लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले. सर शांतपणे म्हणाले, "दोन्ही दिसले तर ती तुमच्यावरच येतेय," आणि लाँच स्टारबोर्डला वळवली.

इथे रंगांची खरी गंमत कळते. मी इंजिनाच्या बोटीने गेटवेहून घारापुरीकडे चाललेय असं धरा. उजवीकडून येणारं जहाज मला लाल दाखवतं, म्हणजे मी थांबायचं. डावीकडून येणारं मला हिरवं दाखवतं, म्हणजे नियमाने वाट माझी. सिग्नलचेच रंग, सिग्नलचाच अर्थ. फक्त इथे सरांनी लगेच बजावलं की खोल चॅनलमध्येच चालू शकणाऱ्या प्रचंड जहाजासमोर असला हक्क सांगायचा नसतो. लहान बोटीने त्याच्या वाटेत यायचंच नाही, नियमातही तसंच आहे. हे त्यांनी ज्या गांभीर्याने सांगितलं त्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देते.

परतताना बोयांचा, म्हणजे पाण्यातल्या वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचा, धडा झाला. भारतात बंदरात शिरताना लाल बोया पोर्टला आणि हिरव्या स्टारबोर्डला ठेवायच्या. जहाजाच्या दिव्यांशी रंग जुळतात, म्हणून आपल्याकडे शिकायला सोपं आहे. अमेरिका खंडांत, जपानमध्ये, कोरियात आणि फिलिपिन्समध्ये बोयांचे रंग याच्या उलट आहेत. बॅचमध्ये सुट्टीवर आलेली एक मुलगी न्यू जर्सीला राहते. तिला सरांनी हे दोनदा सांगितलं आणि तिने ते फोनमध्ये लिहून घेतलं.

तक्रारी आता. लाइफ जॅकेटं मोठ्या मापाचीच होती. माझी लेक बारीक आहे, तिचं जॅकेट वर कानापर्यंत सरकत होतं. सुरक्षेच्या बाबतीत हे चालणार नाही, मी लेखी कळवलंय. बायकांना कपडे बदलायला जागा नाही. बोटीत चढायच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं आणि वयस्कांना हात द्यायला कुणी ठरवून उभं नव्हतं. गाठी शिकवायला दिलेला वेळ अपुरा. बोलाइनची गाठ नीट यायच्या आत पुढे गेलो. आणि संध्याकाळचा लाँचचा फेरा 'हवामान बघून' असं सांगतात, म्हणजे तो मिळेलच याची हमी नाही. तो न झालेल्या बॅचला अर्धाच कोर्स मिळाला असं मी म्हणेन.

फी माझ्या दवाखान्यातल्या एका रूट कॅनालएवढी. फार स्वस्त नाही, पण बोट, इंधन, चार शिकणाऱ्यांमागे एक शिक्षक, हे बघता ठीक. पावसाळ्यात बंद असतं. ऑक्टोबर ते मे हा हंगाम, आणि त्यातही डिसेंबर-जानेवारीत उन्हाचा ताप कमी. नाव घालताना तीन गोष्टी विचारा : शिक्षकामागे शिकणारे किती, अंधारातला दिव्यांचा धडा आहे का, आणि तुमच्या मापाचं जॅकेट आहे का. ओल्या डेकवर न घसरणारे बूट घाला, हातमोजे स्वतःचे न्या, चष्मा असेल तर त्याला दोरी लावा. आणि मांडव्याच्या फेरीने जाणं होणार असेल तर कोर्सच्या आधी एकदा जाऊन या. निघताना कुलाबा स्टारबोर्डला राहतो, येताना पोर्टला. वरच्या डेकवर बसून जवळून जाणारी प्रत्येक बोट मोठ्याने सांगायची : स्टारबोर्ड बो (उजवीकडे पुढे), पोर्ट बीम (डावीकडे बरोबर काटकोनात), पोर्ट क्वार्टर (डावीकडे मागे). आम्ही दोघींनी ते केलं होतं. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनीही आमच्याबरोबर सांगायला सुरुवात केली.